एका घरजावयाचे घर
कादंबरीकार विद्याधर नायपॉल ह्यांचे जीवन व लेखन

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलेली असते. ह्या दोन्ही कार्यांत माणसाच्या धीराची, पैशाची आणि आप्तेष्टांची खरी परीक्षा होते, असा तिचा आशय. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर एक गरीब ब्राह्मण वार्ताहर होऊन गेला. लग्न त्याने केले असे म्हणण्यापेक्षा ते त्याच्यावर येऊन पडले. आणि स्वतःचे असे घर त्याला लाभले तेव्हा त्याच्या आयुष्याची जेमतेम सात वर्षे उरली होती. त्याचे नाव सीपरसाद नायपॉल. आपणही लेखक व्हावे ही त्याची जन्मभराची आकांक्षा होती. ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. परंतु त्याच्या थोरल्या मुलाने बापाच्या ह्या अर्धवट राहिलेल्या आयुष्यावरच एक कादंबरी रचिली, आणि त्या वार्ताहराचे ओबडधोबड घर जगाच्या वाङ्मयात कायमचे उभे राहिले. हा मुलगा म्हणजे २००१ साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळविणारे विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल, ज्यांस इंग्रजी वाचक व्ही. एस्. नायपॉल ह्या नावाने ओळखतात.

त्यांच्या लेखनाविषयी मतभेद पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या स्वभावाविषयी तर त्याहूनही अधिक. तथापि एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला त्यांची ही एक कादंबरी जितकी ओळखीची वाटेल, तितकी दुसरी एखादी परदेशी कादंबरी क्वचितच वाटेल. कारण तिचा विषय आपल्या घरातलाच आहे.

गिरमिटाची वाट

त्रिनिदाद हे दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाच्या किनाऱ्यालगतचे लहानसे बेट. तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत असत. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने रद्द झाली आणि १८३८ मध्ये हे लोक खऱ्या अर्थाने मोकळे झाले. मळेवाल्यांना मजुरांची टंचाई भासू लागली, आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज सव्वादोनशेच्या सुमारास हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४३,००० माणसे ह्या एका बेटावर नेण्यात आली. त्यांतील बहुतेक संयुक्त प्रांत व बिहार ह्या बाजूची होती. पाच वर्षे मळ्यावर राबण्याचा करार त्यांच्याकडून करून घेत. इंग्रजी करारनाम्याचा अपभ्रंश होऊन लोकांच्या तोंडी 'गिरमिट' शब्द रुळला, आणि तो करणारे ते 'गिरमिटिये' झाले. मळ्यांवर त्यांना राहावयास ज्या चाळी मिळाल्या, त्यांत त्यांच्यापूर्वी गुलामांची वस्ती असे.

ह्या गिरमिटियांत ब्राह्मणही होते. समुद्र ओलांडताच जात गेली असे शास्त्र सांगत होते. परंतु समुद्रापलीकडे पोहोचल्यावर ह्याच माणसांनी मोठ्या जिद्दीने जात, पूजा, पोथ्या आणि रामलीला ह्यांची पुन्हा मांडणी केली. विद्याधरांचे मातामह कपिलदेव हे असेच गोरखपूरच्या बाजूचे एक पंडित. १८९४ साली ते गिरमिटावर त्रिनिदादला आले, आणि आपली विद्या व व्यवहारचातुर्य ह्यांच्या बळावर जमीनदार व दुकानदार झाले. शग्वानस ह्या गावी भर रस्त्यावर त्यांनी उत्तर हिंदुस्थानी धर्तीचे एक भक्कम, पांढरेशुभ्र घर बांधले. दर्शनी बाजूस सिंहांच्या मूर्ती असल्यामुळे लोक त्याला 'सिंहांचे घर' म्हणू लागले. ते बांधून पुरे होते न होते तोच, १९२६ साली, मायदेशाच्या यात्रेस गेलेले कपिलदेव तिकडेच वारले. मागे राहिल्या त्यांच्या कर्तबगार पत्नी, नऊ मुली व दोन मुलगे.

आजीबाईंनी ह्या गोकुळाचा कारभार करड्या हाताने चालविला. मुलींची लग्ने कुळ पाहून होत; जावयाच्या खिशाकडे फारसे लक्ष नसे. गरीब परंतु ब्राह्मण असा जावई मिळाला की तो घरातच राही, घरच्या दुकानात वा शेतावर राबे आणि पंक्तीस जेवी. अशा मनुष्यास आपल्याकडे जो शब्द आहे तो बोलून दाखविण्याची गरज नाही. तो उच्चारताच घरातील बायकामुले ओठात हसतात. ह्याच घरात १७ ऑगस्ट १९३२ रोजी विद्याधरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सीपरसाद हे अशा जावयांपैकी एक होते.

आरसा आणि बोकड

सीपरसाद १९०६ साली जन्मले. बाप लहानपणीच गेला, आणि आई मुलांसह नातेवाइकांच्या दारी आली. ह्या कुटुंबाने एकदा हिंदुस्थानात परत जाण्याचे ठरविले होते, अशी हकीकत विद्याधरांनी लिहून ठेविली आहे. जहाजावर चढण्याची सर्व सिद्धता झाली असता ऐन वेळी लहानगा सीपरसाद किनाऱ्यावरील शौचकूपात जाऊन लपला, आणि आईचे मन फिरेपर्यंत बाहेर आला नाही. त्या पोरवयातील हट्टामुळे नायपॉल घराणे त्रिनिदादात राहिले. जे परत गेले त्यांची स्थिती काय झाली हेही विद्याधरांनी सांगितले आहे. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मायदेशी परतलेल्या शेकडो गिरमिटियांना तेथे कोणी आपले म्हणेना. त्यांना घेऊन गेलेले जहाज पुन्हा कलकत्त्याच्या बंदरास लागले, तेव्हा आम्हांला परत त्रिनिदादला न्या म्हणून ह्या लोकांनी त्यावर गर्दी केली.

मोठेपणी सीपरसाद पाट्या रंगविण्याचे काम करू लागले. कपिलदेवांच्या दुकानाचे काम करावयास गेले असता त्या घरच्या द्रौपदीशी त्यांचा संबंध जुळला, आणि १९२९ साली लग्न झाले. त्याच सुमारास 'त्रिनिदाद गार्डियन' ह्या वृत्तपत्राच्या इंग्रज संपादकाने त्यांना शग्वानसच्या बातम्या लिहिण्यास घेतले. ह्या संपादकाने त्यांच्यातील लेखक ओळखिला, आणि आपल्या माणसांविषयी डोळे उघडे ठेवून लिहावयास शिकविले.

ह्या उघड्या डोळ्यांनीच पुढे घात केला. १९३३ साली बेटावर गुरांत पिसाळरोगाची साथ होती. सरकार लस टोचण्यास सांगत होते. काही हिंदी शेतकरी मात्र कालीमातेस बोकड बळी देऊन निश्चिंत होत होते. सीपरसादांनी ही गोष्ट वृत्तपत्रात सडेतोडपणे लिहिली. थोड्याच दिवसांत त्यांना निनावी पत्र आले : तुम्ही स्वतः कालीला बोकड द्यावा, न दिल्यास आठवड्याच्या आत मराल. ते सुधारकी मताचे होते, परंतु एकटे होते, आणि सासुरवाडीच्या वर्तुळातच राहात होते. अखेरीस त्यांनी बोकड दिला, आणि त्यांच्याच वृत्तपत्रात ती बातमी छापून आली.

ह्या मानहानीतून ते लवकर सावरले नाहीत. मन भ्रमिष्ट झाले, नोकरी सुटली. पुष्कळ वर्षांनी विद्याधरांनी आईला विचारले की, तेव्हा वडिलांना नेमके काय झाले होते. आई म्हणाली की, एके दिवशी त्यांनी आरशात पाहिले तो त्यांना स्वतःचे तोंडच दिसेना, आणि ते किंचाळू लागले. आपण कोणीच नाही अशी ही जी भीती, ती बापाकडून वारसाहक्काने आपल्याकडे आली असे विद्याधर मानीत. आणि लिहिणे हाच तिच्यावरचा उपाय, हेही ते बापाकडूनच शिकले.

कारण सीपरसादांनी लेखणी टाकिली नाही. १९३८ साली ते पोर्ट ऑफ स्पेन ह्या राजधानीत पुन्हा वार्ताहर झाले. फावल्या वेळात ते त्रिनिदादच्या हिंदी खेड्यांतील गोष्टी लिहीत, आणि लिहिता लिहिता मुलाला वाचून दाखवीत. डिकन्सच्या कादंबऱ्यांतील निवडक उतारे, शेक्सपियरच्या 'ज्यूलियस सीझर'मधील प्रवेश, असे कितीतरी त्यांनी त्याला ऐकविले. ह्या गोष्टींचे 'गुरुदेव' हे पुस्तक त्यांनी १९४३ साली स्वखर्चाने छापिले, प्रती हजार. अकरा वर्षांच्या विद्याधराने आपणही लेखकच व्हावयाचे असे ह्याच सुमारास ठरवून टाकिले.

बापलेकांची पत्रे

१९५० साली सरकारी शिष्यवृत्तीवर विद्याधर ऑक्सफर्डला गेले. त्यापूर्वीच थोरली बहीण कमला शिक्षणासाठी काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात गेली होती. अशा रीतीने एका कनिष्ठ वार्ताहराच्या सात मुलांपैकी दोन मुले दोन खंडांत शिकत होती. ह्या तिघांतील पत्रव्यवहार १९९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना डोळे ओलावल्याशिवाय राहात नाहीत. बाप मुलाला लिहिण्याविषयी उपदेश करतो, पैशाची तंगी दडविण्याचा प्रयत्न करतो, आणि मधूनच संकोचाने विचारतो की, आपल्या गोष्टींचे तिकडे कोठे काही जमेल काय. मुलगा परक्या देशात एकाकी, उदास, आणि १९५२ साली मानसिक दुखण्याने खचलेला. पत्रे लिहावयास त्याला उशीर होई. बापाच्या गोष्टींसाठी त्याने काहीच केले नाही.

३ ऑक्टोबर १९५३ रोजी सीपरसाद हृदयविकाराने वारले. वय अवघे सत्तेचाळीस. आपल्याला जे काही मिळाले ते वडिलांमुळेच, अशा आशयाची तार मुलाने घरी पाठविली. तो स्वतः मात्र घरी गेला नाही. कमला काशीहून परत येऊन नोकरीस लागली, आणि धाकट्या भावंडांचा भार तिने उचलला. कर्त्या पुरुषाच्या मागे घराला टेकू देणारी अशी थोरली बहीण किंवा मुलगी आपल्या कितीतरी घरांत असते. तिच्या नावावर ग्रंथ नसतो. ग्रंथ लिहिणाऱ्याला मोकळीक मात्र तिच्यामुळे मिळालेली असते.

लंडनमध्ये विद्याधरांना बी. बी. सी.च्या वेस्ट इंडीजविषयक कार्यक्रमात किरकोळ काम मिळाले. तेथील एका अंधाऱ्या खोलीत १९५५ साली त्यांनी आपल्या लहानपणीच्या रस्त्यावरील माणसांची गोष्ट लिहावयास घेतली, आणि त्यांना आपला विषय सापडला. 'मिस्टिक मॅसर' १९५७ मध्ये, 'सफ्रेज ऑफ एल्व्हिरा' १९५८ मध्ये, 'मिगेल स्ट्रीट' १९५९ मध्ये, अशी तीन विनोदी पुस्तके लागोपाठ निघाली. त्यांनंतर, १९६१ साली, 'ए हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' प्रसिद्ध झाली. तेव्हा लेखकाचे वय एकोणतीस होते.

हनुमान हाऊसमधील घरजावई

ह्या कादंबरीचा नायक मोहन बिस्वास पायाळू जन्मतो, हाताला सहावे बोट घेऊन. पंडित पत्रिका पाहून सांगतो की, हा मुलगा घरबुडव्या निघेल. ह्याला पाण्यापासून जपा. पुढे वासराला पाणी पाजण्याच्या नादात मोहन दडून बसतो, तो बुडाला असे समजून बाप तळ्यात उडी घेतो आणि प्राणास मुकतो. घर मोडते, जमीन जाते. मोहन नातलगांच्या दारोदार वाढतो, आणि पाट्या रंगवू लागतो.

तुळशी नावाच्या श्रीमंत कुटुंबाच्या 'हनुमान हाऊस'मध्ये पाट्या रंगवीत असता तो त्या घरच्या शामा नामक मुलीच्या हाती एक चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी सासूबाईंच्या हाती पडते, आणि मुलगा ब्राह्मणाचा आहे एवढे पाहून त्याचे लग्न लावून टाकण्यात येते. हुंडा नाही, घर नाही, धंदा नाही. तो त्या विशाल वाड्यातील अनेक जावयांपैकी एक होतो. स्वयंपाकघराचे राजकारण, बहिणीबहिणींतील चढाओढ, दुखणे काढून सर्वांस वठणीवर आणणारी सासू, सारा व्यवहार हाती असलेला सेठ, ज्यांचे विशेष लाड होतात असे दोन मेहुणे : हे सर्व लेखकाने इतक्या बारकाईने रंगविले आहे की, वाचकाला आपल्याच आजोळच्या माजघरात बसल्यासारखे वाटते. बिस्वासापाशी एकच शस्त्र असते, ते म्हणजे जीभ. तो मेहुण्यांस 'देव' म्हणतो, सर्वांना टोपणनावे ठेवतो, आणि प्रसंगी मारही खातो.

एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नाताळच्या सणाला बिस्वास आपल्या सावी नावाच्या मुलीसाठी ऐपतीबाहेर खर्च करून बाहुल्यांचे मोठे सुंदर घर आणतो. वाड्यातील इतर मुलांची तोंडे उतरतात. आयांची बोलणी सुरू होतात, टोमणे बसतात, शामाशी कोणी धड बोलेनासे होते. काही दिवसांनी बिस्वास येऊन पाहतो, तो ते घर मोडून अंगणात पडलेले. ते कोणी मोडिले? शामाने, स्वतःच्या हातांनी. वाड्यात राहावयाचे तर तिला दुसरा मार्ग नव्हता. ह्या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नाही. सर्व मुलांना सारखे लेखावे हा नियमही चांगलाच आहे. आणि तरीही एका बापाने मुलीला दिलेली एकुलती एक भेट त्या नियमाखाली चिरडली जाते. एकत्र कुटुंबाचे गुण व दोष ह्यांवर कितीतरी निबंध लिहिले गेले असतील, परंतु त्या सर्वांहून हा प्रसंग अधिक बोलतो.

तथापि लेखक एकांगी नाही. चिडलेला बिस्वास मळ्यावर स्वतःचे घर बांधावयास काढतो. पैसे अपुरे पडतात, घर अर्धवट राहते, त्याचे मन बिघडते, आणि एका वादळी रात्री त्या घराची दाणादाण उडते. तेव्हा त्याला उचलून कोण आणते? तेच तुळशी कुटुंब. ज्या वाड्याला त्याने जन्मभर शिव्या दिल्या, त्याच वाड्यात त्याला अंथरूण मिळते आणि पथ्यपाणी होते. मोठे कुटुंब माणसाला पडू देत नाही, आणि उभेही राहू देत नाही, हे दुहेरी सत्य ह्या कादंबरीत जसे उतरले आहे तसे अन्यत्र क्वचितच आढळेल.

शेवटी वार्ताहर झालेला बिस्वास कर्ज काढून राजधानीतील सिक्कीम स्ट्रीटवर साडेपाच हजार डॉलर्सना एक घर विकत घेतो. विकणारा कारकून त्याला फसवितो. दारे नीट लागत नाहीत, जिना घराच्या बाहेर, दुपारच्या उन्हात आत बसवत नाही. परंतु ते त्याचे असते. ह्या घराशिवाय, आपल्यासाठी जगाच्या पाठीवर काही जागा आहे हे सिद्ध न करताच मेलो असतो तर ते किती भयंकर झाले असते, असे त्याला वाटते, आणि त्याच घरात तो सेहेचाळिसाव्या वर्षी मरतो. सीपरसादांनी प्रत्यक्षात १९४६ च्या अखेरीस नेपॉल स्ट्रीटवर जे घर घेतले, त्याचीच ही छाया होय. कादंबरीतील आनंद हा मुलगाही बापाच्या अंत्यकाळी परदेशात असतो. लेखकाने स्वतःला सूट दिलेली नाही.

पूर्वजांच्या देशात

१९६२ च्या आरंभी विद्याधर प्रथमच हिंदुस्थानात, मुंबई बंदरात, उतरले. लहानपणी पूजेच्या धुरातून पाहिलेला देश त्यांना येथे दिसला नाही. दिसले ते दारिद्र्य, घाण आणि त्यांविषयीची बेफिकिरी. आजोबांच्या गावी दुबे मंडळींनी त्यांचे आतिथ्य केले. परंतु कोर्टकज्जासाठी पैसे मागणारा एक भाऊबंद भेटताच ते वैतागून निघाले. गावातील एका मुलाला शहरापर्यंत गाडीतून यावयाचे होते, त्यालाही त्यांनी घेतले नाही. 'ॲन एरिया ऑफ डार्कनेस' ह्या १९६४ च्या पुस्तकात त्यांनी हे सर्व, स्वतःच्या कोतेपणासकट, लिहिले, आणि येथील वाचक दुखावले. पुढे १९७७ च्या पुस्तकातही कठोरपणाच अधिक होता. परंतु १९९० साली आलेल्या तिसऱ्या ग्रंथात त्यांची दृष्टी निवळलेली दिसते. मुंबईत कवी नामदेव ढसाळ व त्यांच्या पत्नी मल्लिका ह्यांच्यासारख्या माणसांची बोलणी त्यांनी धीराने ऐकून घेतली, आणि शतकानुशतके दबलेली माणसे आता बोलू लागली आहेत ह्यात त्यांना देशाचे बळ दिसले.

१९७१ साली त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. 'ए बेंड इन द रिव्हर', 'दि एनिग्मा ऑफ अरायव्हल' ह्यांसारखे श्रेष्ठ ग्रंथ झाले. परंतु कीर्तीबरोबर कडवटपणाही वाढला. वेस्ट इंडीजचे कवी डेरेक वॉल्कॉट ह्यांनी त्यांच्या तुच्छतादृष्टीवर कडक टीका केली. २००८ साली त्यांच्याच संमतीने निघालेल्या चरित्रात, पहिली पत्नी पॅट्रिशिया हिला त्यांनी किती दुःख दिले हे जगापुढे आले. ती त्यांच्या हस्तलिखितांची पहिली वाचक होती, आणि १९९६ साली ती वारली. ज्याने एका उपेक्षित माणसाचे दुःख इतक्या करुणेने लिहिले, त्याच्या स्वतःच्या घरात एक माणूस उपेक्षित राहिले. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लेखनातील करुणा लेखकाच्या हातून घरात आपोआप पाझरते असे नाही. ११ ऑगस्ट २०१८ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

बापाच्या गोष्टी मात्र त्यांनी अखेर इंग्लंडात छापविल्या. १९७६ साली, म्हणजे सीपरसादांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, मुलाच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक निघाले. आणि १९८१ मध्ये सायप्रस बेटावर असता एके रात्री त्यांनी रेडिओवर बिस्वासाच्या कादंबरीचे संक्षिप्त वाचन ऐकिले. खरे म्हणजे बातम्या लागतील अशा समजुतीने ते ऐकत होते. थोड्याच वेळात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

शग्वानसच्या सिंहांच्या घरात जे ताट रोज वाढले जाई, ते खाणाऱ्याचे मत मात्र कोणी विचारीत नसे. असे एखादे माणूस बहुतेक प्रत्येक मोठ्या घरात असते : कमाई नसलेला जावई, आश्रयास आलेली आत्या, शिक्षणासाठी राहिलेला दूरचा भाचा. त्याला उपाशी ठेवण्याइतके आपण निर्दय खास नसतो. परंतु त्याला एक खुंटी, एक कपाट, आपले म्हणता येईल असा एक कोपरा ह्या घरात आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो काय? बिस्वासाची कथा वाचून संपविल्यावर कोणी उठून आपल्या घरातील अशा माणसाकडे एकवार नीट पाहिले, तर त्या अभागी वार्ताहराचे लेखणी हाती धरणे व्यर्थ गेले नाही असे म्हणता येईल.